भिंतींचा चित्रकार : मॅक्नाइट कॉफर

चित्रशाळेंत जाणारा मनुष्य चित्रें पाहावयाचीं असा निश्चय करूनच घरून निघतो. तेथें शांतता असते, बसावयास बांकें असतात, आणि एखादें चित्र मनांत भरलें तर त्याच्यासमोर घटकाभर उभें राहावयासही कोणाची हरकत नसते. रस्त्यावरच्या भिंतीवर डकवलेल्या चित्राचें नशीब याच्या अगदीं उलट. त्याच्यासमोरून जाणाऱ्या मनुष्याला गाडी गांठावयाची असते, हातांत पिशवी असते, डोक्यांत घरच्या नाहीं तर कचेरीच्या विवंचना असतात. मला चित्र दाखवा, अशी मागणी त्यानें कोणाकडे केलेली नसते. अशा मनुष्याचें लक्ष क्षणभर खिळवून ठेवावयाचें, त्या क्षणांतच त्याला कांहीं सांगावयाचें, आणि सांगितलेलें त्याच्या स्मरणांत राहील अशी व्यवस्था करावयाची, हें भित्तिपत्रकाचें म्हणजे पोस्टरचें काम.

हें काम कलेचें कीं केवळ व्यापाराचें, असा एक जुना वाद आहे. कलावंत म्हणतो, साबण आणि पेट्रोल खपविण्यासाठीं ज्याचा जन्म, तें चित्र कसलें? व्यापारी म्हणतो, ज्यानें माल खपत नाहीं तें चित्र कितीही सुंदर असलें तरी मला काय त्याचें? या दोघांच्या मध्यें उभें राहून दोघांनाही कांहीं काळ तरी निरुत्तर करणारा एक मनुष्य विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत लंडनमध्यें होऊन गेला. एडवर्ड मॅक्नाइट कॉफर हें त्याचें नांव. चित्रकलेच्या इतिहासाच्या जाड ग्रंथांत तें शोधून काढावें लागतें. परंतु जाहिरातीच्या चित्रांत आज जो मोजकेपणा आणि जी नेमकी मांडणी आपण गृहीत धरतों, ती रुजविणाऱ्या मोजक्या लोकांत त्याची गणना करावी लागते.

जाहिरातीला चित्राची जोड देण्याची कल्पना कांहीं कॉफरची नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ज्यूल शेरे यानें पॅरिसच्या भिंतींवर रंगीत शिळाछापाचीं मोठीं चित्रें झळकविलीं. १८९१ सालीं तुलूझ-लोत्रेक या थोर चित्रकारानें 'मूलां रूझ' या रंगमहालासाठीं काढलेलें भित्तिपत्रक तर सर्वश्रुत आहे. इंग्लंडांत मात्र या कलेची चाल वेगळी होती. तेथें १८८६ सालीं सर जॉन मिले यांनीं साबणाचे फुगे उडविणाऱ्या एका गोजिरवाण्या मुलाचें चित्र काढलें. तें पुढें पेअर्स साबणाच्या मालकांच्या हातीं आलें, चित्रांत साबणाची एक वडी घालण्यांत आली, आणि तीच जाहिरात झाली. चित्र एकीकडे, माल दुसरीकडे. दोहोंची गांठ वरून बांधलेली. नाहीं म्हणावयास जॉन हॅसल यांच्यासारखे विनोदी हाताचे चित्रकार होते. १९०८ सालीं त्यांनीं स्केग्नेस या समुद्रकांठच्या गांवासाठीं आनंदानें उड्या मारीत चाललेला एक लठ्ठ कोळी काढला, आणि तो इंग्रज माणसाला फार आवडला. पण हीं चित्रें म्हणजे रंगविलेला एक विनोद होता. युरोपांत त्या वेळीं चित्रकलेमध्यें जी उलथापालथ चालली होती, तिचा वारा लंडनच्या भिंतींना लागलेला नव्हता.

तो वारा घेऊन येणारा मनुष्य अमेरिकेच्या माँटाना प्रांतांतील ग्रेट फॉल्स या गांवीं १४ डिसेंबर १८९० रोजीं जन्मला. आईबाप विभक्त झाले, आणि मुलाच्या बाळपणाचीं कांहीं वर्षें अनाथाश्रमांत गेलीं. पुढें इंडियाना प्रांतांतील एव्हान्सव्हिल येथें तो वाढला. शाळा लहान वयांतच सुटली. नाटकगृहाचे पडदे रंगविणें, फिरत्या नाटक मंडळीबरोबर गांवोगांव हिंडणें, अशीं कामें करीत तो तरुण झाला. नाटकाचा पडदा रंगविणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते : शेवटच्या रांगेंतल्या प्रेक्षकाला दिसणार नाहीं असें बारीक काम करण्यांत अर्थ नसतो. हें शिक्षण त्याला कोणत्याही कलाशाळेंत मिळालें नसतें.

पुढें सॅन फ्रॅन्सिस्को येथें एका पुस्तकांच्या दुकानांत तो नोकरीस राहिला, आणि संध्याकाळीं चित्रकलेच्या वर्गास जाऊं लागला. या दुकानांत युटा विश्वविद्यालयांतील प्रोफेसर जोसेफ मॅक्नाइट यांची नजर त्याच्यावर गेली. प्रोफेसरसाहेबांनीं या होतकरू मुलाला पॅरिसला जाऊन शिकण्यासाठीं पैशाची मदत देऊं केली. रक्ताचें नातें नाहीं, कसलें देणें-घेणें नाहीं. केवळ गुणाची पारख. या उपकाराची आठवण म्हणून त्या तरुणानें मॅक्नाइट हें नांव आपल्या नांवांत कायमचें गोंवून घेतलें. ज्याच्या वांट्याला बाळपणीं घर आलें नाहीं, त्यानें अशा रीतीनें एक कुलनाम कृतज्ञतेनें मिळविलें.

पॅरिसच्या वाटेवर तो शिकागोला थांबला. १९१३ सालीं तेथें युरोपांतील नव्या चित्रकलेचें तें प्रसिद्ध 'आर्मरी' प्रदर्शन आलें होतें. सेझान, व्हॅन गॉग, मातिस, पिकासो यांचीं चित्रें पाहून शिकागोचे बहुतेक लोक हंसले. कॉफर मात्र विचारांत पडला. वस्तु जशी दिसते तशी काढण्यापेक्षां तिचा गाभा आकारांत पकडणें, हें या चित्रकारांचें धोरण होतें. पुढें म्यूनिक शहरीं त्यानें लुडविग होलवाइन या जर्मन चित्रकाराचीं भित्तिपत्रकें पाहिलीं. त्यांत मोठमोठे सपाट रंग होते, बारकाव्यांना फांटा दिलेला होता, आणि छायाप्रकाशाचे केवळ दोन-तीन डाग होते. शिकागोनें जो प्रश्न त्याच्यापुढें टाकला होता, त्याचें व्यवहारांतलें एक उत्तर म्यूनिकच्या भिंतींवर मिळालें.

पॅरिसमधलें शिक्षण फार दिवस चाललें नाहीं. ऑगस्ट १९१४ मध्यें महायुद्ध पेटलें, आणि कॉफर इंग्लंडांत आला. तेथून अमेरिकेस परत जावयाचें, असा त्याचा बेत होता. पण इंग्लंडची भूमि त्याला आवडली, आणि तो तेथेंच राहिला. पोटापाण्याचा प्रश्न मात्र बिकट होता. तेव्हां त्या लठ्ठ कोळ्याचे जनक जॉन हॅसल यांनीं त्याला लंडनच्या भुयारी रेल्वेचे अधिकारी फ्रँक पिक यांच्याकडे जाण्यास सांगितलें. जुन्या पद्धतीच्या चित्रकारानें नव्या पद्धतीच्या चित्रकाराला दार दाखविलें, ही गोष्ट हॅसल यांना भूषणावह आहे.

फ्रँक पिक हे या कथेंतील दुसरे महत्त्वाचे पात्र होत. ते चित्रकार नव्हते. १९०८ पासून भुयारी रेल्वेच्या प्रसिद्धीचें काम त्यांच्याकडे होतें. त्यापूर्वीं स्थानकांच्या भिंतींवर जाहिरातींची अशी खिचडी झाली होती कीं, उतारूला स्थानकाचें नांव शोधून काढणें कठीण जाई. पिक यांनीं जाहिरातींना ठराविक जागा नेमून दिल्या, स्थानकाचें नांव त्यांतून वेगळें काढलें, आणि १९१६ मध्यें एडवर्ड जॉन्स्टन या अक्षरशिल्प्याकडून रेल्वेसाठीं एक स्वतंत्र, साधें व सुवाच्य वळण तयार करून घेतलें. त्यांचा हेतु व्यापारीच होता. सकाळ-संध्याकाळ गाड्या भरून जात, पण दुपारीं आणि रविवारीं डबे रिकामे धांवत. ते भरावयाचे तर लोकांना शहराबाहेरचीं रानें, बागा, संग्रहालयें यांची ओढ लावली पाहिजे. परंतु हा हेतु साधावयाचा तर लोकांपुढें उत्तम तेंच ठेवावें, हलकें ठेवूं नये, असा पिक यांचा कटाक्ष होता.

१९१५ सालीं पिक यांनीं कॉफरला पहिलें काम दिलें. ऑक्सीची वनें, रायगेट, वॉटफर्ड अशा लंडनजवळच्या स्थळांचीं तीं निसर्गचित्रें होतीं. झाडें, टेकड्या, आकाश हें सर्व सपाट, ठळक रंगांत मांडलेलें होतें. या पहिल्या भेटींतून जो संबंध जुळला तो जवळजवळ पंचवीस वर्षें टिकला, आणि तेवढ्या काळांत कॉफरनें भुयारी रेल्वे व तिच्या पुढील अवतारासाठीं सुमारे १४० भित्तिपत्रकें केलीं.

शिळाछापाचें तंत्र येथें थोडें समजून घेतलें पाहिजे. या पद्धतींत प्रत्येक रंगासाठीं वेगळा दगड किंवा वेगळा पत्रा लागतो. चित्रांत जितके रंग तितके वेळां कागद यंत्रांतून जावयाचा. म्हणून तैलचित्राची हुबेहूब नक्कल छापणें खर्चाचें पडे, आणि तरीही ती मलूल दिसे. ज्या चित्रकाराची कल्पनाच पांच-सहा सपाट रंगांत जन्म घेते, त्याचें चित्र यंत्रांतून निघालें तरी नक्कल वाटत नाहीं. तें मूळच असतें. कॉफरनें यंत्राची ही मर्यादा अडचण म्हणून सोसली नाहीं. तिचाच त्यानें गुण केला. छंदाच्या बंधनांत राहून कवि जसा अधिक नेमकें बोलतो, तसाच हा प्रकार होता.

त्याच्या कीर्तीचा पाया घालणारें चित्र मात्र रेल्वेचें नव्हतें. १९१६ च्या सुमारास त्यानें 'उड्डाण' या नांवाचें एक चित्र केलें होतें. त्यांत झेंप घेणाऱ्या पक्ष्यांचा एक थवा होता. पण पिसें, डोळे, पाय यांचा तपशील नव्हता. धारदार त्रिकोण आणि कोन, काळेपांढरे, एकमेकांत घुसलेले, आणि सर्व मिळून एकाच दिशेनें वर चढणारे. लंडनमध्यें त्या वेळीं 'व्हॉर्टिसिस्ट' म्हणजे भोंवऱ्याच्या पंथाचे चित्रकार यंत्रयुगाची गति अशाच कोनांनीं दाखवूं पाहात होते, त्यांचें वळण या चित्रांत स्पष्ट दिसतें. १९१९ मध्यें मजूर चळवळीचें 'डेली हेरल्ड' हें पत्र पुनः दैनिकाच्या रूपानें निघूं लागलें, तेव्हां फ्रान्सिस मेनेल यांनीं हें चित्र त्याच्या जाहिरातीकरितां घेतलें. पिवळ्या पार्श्वभूमीवर तो थवा लंडनच्या भिंतींवर उडूं लागला. खालीं पत्राचें नांव आणि पहांटेच्या पाखराची उपमा.

येथें कोणी म्हणेल कीं, मिले यांच्या फुगेवाल्या मुलाची आणि या पक्ष्यांची गोष्ट एकच. चित्र आधीं, जाहिरात मागाहून. वरवर पाहातां तें खरें आहे. परंतु फुग्यांशीं खेळणाऱ्या मुलाच्या चित्रांतून साबण वगळला तरी चित्राचें कांहीं बिघडत नाहीं, कारण चित्राचा अर्थ आणि मालाचा अर्थ निराळे आहेत. 'उड्डाणां'त अर्थ आकारांतच आहे. उगवती वेळ, एकजुटीनें घेतलेली झेंप, वर जाण्याची आकांक्षा, हें सर्व त्या कोनांच्या रचनेंतून आपोआप बोलतें. आणि युद्धांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या श्रमिकांच्या वृत्तपत्राला नेमकें तेंच बोलावयाचें होतें. शब्द पुसले तरी संदेश उरतो. भित्तिपत्रकाच्या कलेंत हें नवें होतें.

याच सुमारास कॉफरच्या आयुष्यांत निवडीचा प्रसंग आला. तो केवळ जाहिरातीचा कारागीर नव्हता. तैलचित्रें काढणारा, प्रदर्शनांत भाग घेणारा चित्रकार होता. १९२० मध्यें विंडम लुइस यांच्या पुढाकारानें भरलेल्या 'ग्रुप एक्स' या प्रदर्शनांतही त्याचा भाग होता. भिंतीवरच्या चित्रांनीं पोट भरावें आणि उरलेल्या वेळांत खरी कला करावी, असा दुहेरी संसार त्याला करतां आला असता, आणि पुष्कळांनीं तो केलाही. कॉफरनें १९२१ च्या सुमारास तैलचित्रें सोडून दिलीं. या त्यागाचें मोल त्या काळच्या दृष्टीनें पाहिलें पाहिजे. चित्रकार म्हणून मान, चित्रशाळांत जागा, इतिहासांत नांव, यांवर त्यानें पाणी सोडलें. आणि जें चित्र महिन्या-दोन महिन्यांत दुसऱ्या कागदाखालीं गाडलें जावयाचें, त्याच्याच पायीं आपली सारी शक्ति वाहिली. १९२४ मध्यें त्यानें 'दि आर्ट ऑफ दि पोस्टर' हा ग्रंथ संपादित केला, तोही या कलेला स्वतःचा इतिहास आहे हें दाखविण्यासाठींच.

यानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत त्यानें जें काम केलें, त्यांतून जाहिरातीच्या चित्रकलेला मिळालेल्या देणग्या चार प्रकारांनीं सांगतां येतील.

पहिली देणगी म्हणजे वस्तूऐवजीं अनुभव दाखविण्याची. भुयारी रेल्वेच्या हिवाळी खरेदीसाठीं १९२१ पासून त्यानें जीं भित्तिपत्रकें केलीं, त्यांत दुकान नाहीं, कपडे नाहींत, आगगाडी नाहीं. वारा आणि पाऊस यांच्या माऱ्यांत वांकलेल्या, छत्र्या सांवरणाऱ्या कांहीं आकृति आहेत, आणि त्याही तिरप्या पट्ट्यांत जवळजवळ विरघळून गेलेल्या. भर पावसांत रस्त्यानें जाण्याचा त्रास पाहाणाऱ्याच्या अंगावर येतो, आणि जमिनीखालून कोरडें जाण्याचें सुख न सांगतां समजतें.

दुसरी देणगी प्रतीकांची. १९३० च्या सुमारास त्यानें रेल्वेच्या वीजघरासाठीं 'पॉवर' हें भित्तिपत्रक केलें. कारखान्याचीं धुरांडीं, चाक, विजेची रेघ आणि मूठ आवळलेला बाहु, एवढ्या चार खुणांत एका अवाढव्य यंत्रणेचें सामर्थ्य त्यानें गोळा केलें. संस्कृत सूत्रकार जसे अर्धी मात्रा वांचविण्यासाठीं झटत, तशीच ही अल्पाक्षर वृत्ति होती. १९३३ मध्यें पेट्रोलच्या एका जाहिरातींत त्यानें शिल्पांतल्या घोड्याची आकृति वापरली. यंत्राची शक्ति इंग्रजींत 'अश्वशक्ती'नेंच मोजतात. तो मोजण्याचा शब्दच त्यानें डोळ्यांपुढें उभा केला.

तिसरी देणगी अक्षरांची. त्यापूर्वीं चित्रकार चित्र काढी आणि छापखान्यांतला मनुष्य उरलेल्या जागेंत मजकूर बसवी. कॉफरच्या चित्रांत अक्षरें ही रचनेचाच एक घटक झालीं. त्यांची जाडी, त्यांचा कल, त्यांचा रंग, हें सर्व चित्राबरोबरच ठरूं लागलें. आज ज्याला आपण मांडणी म्हणतों, ती कल्पना येथें रूढ होत गेली.

चौथी देणगी साधनांविषयींच्या मोकळेपणाची. शिळाछाप, लाकडी ठसा, छायाचित्रांचे तुकडे जोडून केलेली रचना, हवेच्या दाबानें रंग फवारणारी नळी, यांपैकीं कशालाही त्यानें हलकें मानलें नाहीं. टी. एस. एलियट यांच्या 'जर्नी ऑफ दि मेजाय' या कवितेच्या १९२७ सालच्या पुस्तिकेला आणि त्यानंतरच्या तशाच पुस्तिकांना त्यानें चित्रें दिलीं; आल्फ्रेड हिचकॉक यांच्या 'दि लॉजर' या मूकपटाच्या शीर्षकांची सजावट केली; मॅरियन डॉर्न या कलावतीच्या साहचर्यानें गालिच्यांचे नमुने काढले. एकच दृष्टि भिंतीवर, पुस्तकांत, पडद्यावर आणि पायांखालीं नांदूं शकते, हें त्यानें करून दाखविलें.

हें सर्व एकट्या कॉफरच्या बुद्धीचें फळ होतें असें म्हणणें मात्र सत्याला सोडून होईल. जाहिरातीच्या कलेंत चित्रकाराइतकाच महत्त्वाचा असतो तो काम देणारा. पिक यांच्या जोडीला शेल पेट्रोल कंपनीचे जॅक बेडिंग्टन हे दुसरे असे जाणते आश्रयदाते कॉफरला लाभले. इंग्लंडांत मोटारी वाढल्या तशी खेड्यापाड्यांतल्या रस्त्यांच्या कडेला जाहिरातींच्या फळ्यांची गर्दी झाली होती, आणि निसर्ग विद्रूप होतो म्हणून सुजाण लोक तक्रार करीत होते. शेल कंपनीनें आपलीं भित्तिपत्रकें फळ्यांवर न लावतां स्वतःच्या लॉऱ्यांच्या बाजूंवर लावलीं. अशा लॉऱ्यांवरून कॉफरचें चांदण्या रात्रींतलें स्टोनहेंज गांवोगांव फिरलें. जाहिरातीला सार्वजनिक सौंदर्याविषयीं कांहीं कर्तव्य असतें, हें एका व्यापारी संस्थेनें मान्य केल्याचें हें उदाहरण लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

या नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. आश्रयदाता जो संदेश देईल तो चित्रकारानें सांगावयाचा, हा या कलेचा करार असतो. १९२७ मध्यें एम्पायर मार्केटिंग बोर्डासाठीं कॉफरनें केलेल्या एका भित्तिपत्रकावर, आजचीं अरण्यें या उद्यांच्या सोन्याच्या खाणी आहेत, अशा अर्थाचें वाक्य होतें. आफ्रिकेंतील त्या अरण्यांत राहाणाऱ्यांना तें सोनें कोणाच्या पदरांत पडणार हें कोणी विचारलें नव्हतें. ज्या हातानें श्रमिकांच्या पत्रासाठीं पक्ष्यांचा थवा उडविला, त्याच हातानें साम्राज्याच्या बाजारपेठेचेंही चित्र रंगविलें. आकाराची भाषा जितकी प्रभावी, तितकी ती कोणाच्या मुखीं आहे हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. पारतंत्र्याचा अनुभव घेतलेल्या समाजाला तरी हा प्रश्न टाळतां येणार नाहीं.

त्याच्या प्रभावाचा विस्तार पाहावयाचा तर तीन ठिकाणीं पाहावा लागतो. एक सामान्य जनतेंत. रेल्वेचीं भित्तिपत्रकें विकत मिळत, आणि तरुण मंडळी तीं आपल्या खोल्यांत लावीत. एव्हलिन वॉ यांच्या १९४५ सालच्या 'ब्राइड्सहेड रिव्हिजिटेड' या कादंबरींत ऑक्सफर्डच्या एका विद्यार्थ्याच्या खोलींत कॉफरचें भित्तिपत्रक लावलेलें आहे, तें त्या काळची अभिरुचि दाखविण्यासाठींच. नवी चित्रकला ज्यांनीं चित्रशाळेंत पाहिली असती तर हंसून सोडून दिली असती, त्यांच्या डोळ्यांना ती गाडीची वाट पाहातां पाहातां संवयीची झाली.

दुसरें ठिकाण विद्वान् समीक्षकांचें. १९३७ मध्यें न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्यें त्याच्या भित्तिपत्रकांचें स्वतंत्र प्रदर्शन भरलें. त्याच्या पुस्तिकेला आल्डस हक्स्ले यांनीं प्रस्तावना लिहिली. बहुतेक जाहिरातदार वस्तु खपविण्यासाठीं वस्तूशीं संबंध नसलेल्या आकर्षणांचा, विशेषतः स्त्रीसौंदर्याचा, आश्रय घेतात. कॉफर मात्र त्या विशिष्ट वस्तूचेंच प्रतीक होईल असा आकार शोधण्याची अवघड वाट धरतो, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. जाहिरातीच्या नीतीची ही कसोटी अजूनही शिळी झालेली नाहीं.

तिसरें आणि सर्वांत महत्त्वाचें ठिकाण पुढच्या पिढीच्या चित्रकारांचें. जर्मनींतून लंडनला आलेल्या हान्स श्लेगर यांना कॉफरनें मदतीचा हात दिला. पुढें 'झीरो' या सहीनें त्यांचें नांव झालें. १९३४ मध्यें उत्तर इंग्लंडांतून लंडनला आलेले टॉम एकर्स्ली यांनीं कॉफरला आपल्या आदर्शांत गणलें. १९५७ पासून वीस वर्षें त्यांनीं लंडनच्या मुद्रण-विद्यालयांत या कलेचा विभाग चालविला. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश युद्धखात्यासाठीं भित्तिपत्रकें करणारे एब्रम गेम्स हेही याच वाटेचे प्रवासी. कमींत कमी साधनांनीं जास्तींत जास्त अर्थ, हें त्यांचें ब्रीद होतें. कॉफरनें स्वतःची शाळा काढली नाहीं. पण लंडनच्या भिंती हीच त्याची शाळा होती, आणि तिची फी फक्त गाडीचें तिकीट एवढीच होती.

१९३६ मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्सनें त्याला उद्योगकलेंतील सन्मान्य आकल्पक म्हणून गौरविलें. सन्मान्य म्हणावयाचें कारण असें कीं, तो परका नागरिक होता. आयुष्याचीं पंचवीस वर्षें ज्या देशाच्या भिंती सजविण्यांत घालविलीं, त्या देशाचा तो कायद्यानें कधींच झाला नव्हता. दुसरें महायुद्ध पेटल्यावर हीच गोष्ट निर्णायक ठरली. जुलै १९४० मध्यें कॉफर आणि मॅरियन डॉर्न यांनीं घाईघाईनें इंग्लंड सोडलें. घर, चित्रें, सामान, मित्र, बहुतेक सर्व मागें राहिलें. १९१४ च्या युद्धानें ज्याला इंग्लंडांत आणलें, त्याला १९४० च्या युद्धानें तेथून उचललें.

न्यूयॉर्क ही त्याच्या मायदेशाची नगरी. पण तेथें तो परका ठरला. लंडनमध्यें पिक किंवा बेडिंग्टन यांच्यासारखा एक जाणता मनुष्य समोर बसून काम देई, आणि त्याच्या एका होकारावर चित्र छापखान्यांत जाई. अमेरिकेंत मोठमोठ्या जाहिरात कंपन्या, त्यांचे विभाग, त्यांच्या बैठका. एका कल्पनेला दहा हात लागावयाचे. प्रत्येक हात थोडेंसें सुधारी, आणि सुधारतां सुधारतां कल्पना बोथट होई. कॉफरच्या स्वभावाला हें मानवलें नाहीं. तो खचला, आजारी पडला, मद्याच्या आहारीं गेला. इंग्लंडला परत जाण्याची ओढ शेवटपर्यंत होती, पण तें घडलें नाहीं. पिक तर १९४१ मध्येंच निवर्तले होते.

तरीही हात थांबला नव्हता. युद्धकाळांत ग्रीस, नॉर्वे अशा आक्रमणानें ग्रासलेल्या राष्ट्रांसाठीं त्यानें भित्तिपत्रकें केलीं. १९४६ नंतर अमेरिकन एअरलाइन्स या विमान कंपनीसाठीं प्रवासचित्रांची एक मालिका केली. पुस्तकांचीं वेष्टनें केलीं. जेम्स जॉइस यांच्या 'युलिसिस'च्या १९४९ च्या आवृत्तीचें वेष्टन आणि राल्फ एलिसन यांच्या १९५२ सालच्या 'इन्व्हिजिबल मॅन' या कादंबरीचें वेष्टन हीं त्याचींच. २२ ऑक्टोबर १९५४ रोजीं न्यूयॉर्क येथें त्याचा अंत झाला. पुढच्याच वर्षीं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझियममध्यें त्याच्या स्मरणार्थ प्रदर्शन भरलें. ज्या नगरीला तो जिवंतपणीं परत येऊं शकला नाहीं, तेथें त्याचीं चित्रें त्याच्यासाठीं बोललीं.

कॉफरच्या चरित्रापासून काय बोध घ्यावयाचा? लोकांना हलकेंच आवडतें, म्हणून हलकेंच द्यावें लागतें, असें जाहिरातीच्या धंद्यांत वारंवार ऐकूं येतें. लंडनच्या भुयारी स्थानकांनीं हें विधान पंचवीस वर्षें खोटें पाडून दाखविलें. तेथील उतारू कांहीं कलेचे पंडित नव्हते. कारकून, मजूर, गृहिणी, शाळकरी मुलें अशींच तीं माणसें होतीं. त्यांच्या बुद्धीवर विश्वास ठेवणारा एक अधिकारी आणि तो विश्वास सार्थ करणारा एक चित्रकार, एवढें जुळून आलें, आणि शहराची दृष्टि पालटली. पण तेंच दोघांपैकीं एकजण नसतांना काय होतें, हेंही त्याच चरित्रांत लिहिलेलें आहे. न्यूयॉर्कमध्यें कॉफरची प्रतिभा आटली नव्हती. तिच्यावर भरंवसा टाकणारें माणूस तेथें विरळा होतें. उत्तम कला लोकांपर्यंत पोंचावयाची तर केवळ कलावंत निर्माण होऊन भागत नाहीं. काम सांगणाराही तितकाच सुजाण असावा लागतो.

२०२१-२२ मध्यें न्यूयॉर्कच्या कूपर ह्यूइट संग्रहालयांत कॉफरच्या समग्र कामाचें मोठें प्रदर्शन भरलें होतें. घाईंत असलेल्या माणसांसाठीं, दोन-चार आठवड्यांच्या आयुष्याचे म्हणून छापलेले ते कागद शंभर वर्षांनंतर निवांत दालनांत, कांचेमागें टांगले गेले, आणि लोक त्यांच्यासमोर घटकाभर उभे राहिले. तैलचित्रें सोडून देतांना जी जागा कॉफरनें गमावली असें वाटलें होतें, ती त्याला भिंतीवरच्या कागदांनींच मिळवून दिली.